पाणाड्याच्या मुलीचा इंग्रजीचा पेपर

सणसवाडीच्या ज्या कंपनीत मी कामाला होते तिथे सात महिने काम आणि मग ब्रेक, असा नियम होता. ब्रेक हा शब्द ऐकायला चहाच्या सुट्टीसारखा वाटतो. प्रत्यक्षात एका शनिवारी गेटवर तुमचा पास काढून घेतात, आणि पुन्हा बोलावतील की नाही हे कुणी सांगत नाही. असे तीन ब्रेक मी भोगले होते. दर वेळी शिरूरच्या घरी बसून फोनची वाट बघायची, आणि तो फोनही आमचा नव्हता, शेजारच्या किराणा दुकानातला होता. दुकानदाराने हाक मारली की मी धावत जायचे, आणि निम्म्या वेळा तो अम्मीला साखर आली म्हणून सांगत असायचा.

दोन हजार साल उलटल्यावर कंपनीत परदेशी भागीदार आला आणि कागदपत्रांचा एक नवा विभाग निघाला. तिकडून येणाऱ्या सूचना वाचायच्या, ड्रॉइंगच्या फायली लावायच्या, तपासणीचे रिपोर्ट भरायचे. एचआरच्या साहेबांनी आम्हा सहा कंत्राटी लोकांना बोलावलं. इंग्रजीची अप्पर इंटरमिजिएट म्हणून एक परीक्षा असते, वाचन आणि व्याकरण, ती पुण्याला जाऊन द्यायची. जो पास होईल तो पर्मनंट. संधी तीन. तिन्ही वेळा नापास झालात तर पुढचा ब्रेक हा शेवटचा ब्रेक. साहेबांनी हे इतक्या प्रेमाने सांगितलं की बाहेर आल्यावर आमच्यातल्या एकाने, वाढदिवस होता का आपला, असं विचारलं.

मी मराठी शाळेत शिकले, शिरूरलाच बी.कॉम. केलं. इंग्रजी मला वाचता यायचं, म्हणजे अक्षरं माझ्याकडे बघायची आणि मी त्यांच्याकडे. पण मला ती नोकरी हवी होती. हवी होती हे फार मिळमिळीत झालं. तिच्याशिवाय आमचं घर चालणार नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, अम्मी आणि अब्बा. अब्बा पाणाडे होते. कुठे विहीर खणायची, कुठे बोअर मारायचा, ते शेतात फिरून दाखवायचे. कडुनिंबाची बेचकी दोन्ही मुठींत धरायची, मनात बिस्मिल्ला म्हणायचं आणि हळूहळू चालायचं. जिथे बेचकीचं टोक खाली ओढलं जाई तिथे टाच रुतवायची. शेतकरी त्या जागेवर नारळ फोडायचा. अब्बांचा एक नेम होता. ज्याच्या शेतात जागा दाखवली त्याच्या घरचं पाणी, तिथे पाणी लागेपर्यंत, ते तोंडात घेत नसत. ऐन एप्रिलात निमोण्याहून, मांडवगणाहून ते कोरड्या घशाने सायकलवर परत यायचे आणि ओट्यावर बसून पहिल्यांदा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचे. अम्मी त्यांना वेडं म्हणायची. मला मात्र त्या नेमाचा अभिमान होता. माझा बाप कुणाच्या पाण्याला फुकट हात लावत नाही, असं मी शाळेत सांगायचे.

पण दिवस बदलले होते. बोअरच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. पाणी खोल चाललं होतं, आणि अब्बांनी दाखवलेल्या जागांवर नुसता फुफाटा निघायला लागला होता. तसा तो सगळ्यांच्याच जागांवर निघत होता, पण बोल अब्बांना लागायचा. बाजारतळावर एकाने त्यांना ऐकवलं, "मामा, आता ती काटकी चुलीत घाला." अब्बा हसले. घरी येऊन जेवले नाहीत. वर्षाला चार-पाच बोलावणी यायची, तीही जुन्या ओळखीची. घर माझ्या पगारावर चाललं होतं, सात महिने चालायचं आणि मग लंगडायचं.

तर अभ्यास. पहिल्या पाळीची बस मला चारला शिरूरला सोडायची. चहा झाला की मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे. अब्बा मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचे आणि वेळ लावायचे. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण वेळ लावायला ते लागत नाही. घरात आमची बोली दखनी. कामाचं मात्र अब्बा नेहमी मराठीत बोलायचे, कारण विहिरी मराठीत खणल्या जात, आणि माझा अभ्यास त्यांनी कामात धरला होता.

वेळ संपली की म्हणायचे, "हां, आता सांग. काय लिवलंय?"

मी उताऱ्यातलं मराठीत सांगायचे. आणि मग आमची खरी मजा सुरू व्हायची. कांदा थंड खोलीत ठेवला तरच हिवाळाभर टिकतो, असं एका उताऱ्यात होतं. अब्बांनी कपाळाला हात लावला. "ह्या माणसानं कांद्याची चाळ बघितली न्हाई कवा. कांद्याला वारा लागतो वारा. थंडीत ठिवला तर कोंब येतील त्याला." चहात दूध उकळू नये असं दुसऱ्या एकाने लिहिलं होतं. ते ऐकून अम्मी आतून बाहेर आली, आणि तिने त्या लेखकाच्या आईचा उद्धार केला. रोज संध्याकाळी आम्ही अशी एकेका इंग्रज विद्वानाची हजेरी घ्यायचो. दिवसभर फायली उचलून मोडलेली कंबर तेवढ्या वेळात विसरून जायची. मला वाटायचं, माझं वाचन सुधारतंय.

पहिल्या वेळी मी नापास झाले. व्याकरणात चांगले गुण होते, घोकून पाठ केलं होतं. वाचनात तोंडावर आपटले. सहांपैकी तिघं पास झाली. दुसऱ्या वेळी मी दुप्पट अभ्यास केला आणि वाचनात आणखी दोन गुण कमी पडले. उरलेल्या दोघांतली एक पास झाली, दुसऱ्याने वैतागून शिक्रापूरला टायरचं दुकान टाकलं. मागे राहिले मी एकटी.

त्यानंतरचे दोन महिने मला अजून आठवायला नको वाटतात. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडायचे. रांजणगावच्या थांब्यावर माणसं चढायची तेव्हा डोळे पुसायचे, कोंढापुरीपर्यंत पुन्हा भरून यायचे. केस मुठीने गळायला लागले. नमाज कधी नव्हे ते पाच वेळा सुरू केली आणि सज्द्यात कपाळ टेकलेलं असताना मनात प्रेझेंट परफेक्ट यायचा. अम्मी रात्रीची भाकरी पुढे ठेवायची आणि मी तिच्यावर खेकसायचे. मला का येत नाही, हेच मला कळत नव्हतं. शब्द कळतात, वाक्य कळतं, उतारा कळतो आणि उत्तरं चुकतात. माझ्या डोक्यात काहीतरी मुळातच कमी आहे, या निष्कर्षाला मी येऊन ठेपले होते.

कंपनीतल्या एका बाईंनी दौंडच्या मॅडमचा पत्ता दिला. दौंडला रेल्वेच्या वसाहतीत एक अँग्लो-इंडियन म्हातारी एकटी राहायची, नवरा गार्ड होता, वारला होता. स्वतः शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. मी रविवारी एसटीने गेले. न्हावऱ्यावरून जाणारी ती गाडी खुळखुळ्यासारखी वाजत होती आणि भीमेच्या पुलावर तर मला वाटलं, बरं होईल, इथेच सुटका होईल.

मॅडम फ्रॉक घालून दारात बसून वाटाणे सोलत होत्या. माझ्याशी त्या हिंदीत बोलल्या. माझं रडगाणं ऐकून घेतलं नाही. एक उतारा समोर टाकला, खाली दहा विधानं. प्रत्येकापुढे ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन लिहायचं. म्हणजे उताऱ्यात तसं म्हटलं आहे, उलट म्हटलं आहे, की त्याबद्दल काही म्हटलेलंच नाही. मी लिहिलं. मॅडमनी कागद बघितला आणि पहिल्या उत्तरावर विचारलं, "किधर लिखा है?"

मी सांगायला लागले की असं असं असतं, म्हणून हे फॉल्स.

"मैंने पूछा, किधर लिखा है. उंगली रख."

मी उताऱ्यावर बोट फिरवत राहिले. ठेवायला जागा सापडेना. उतारा शेळ्यांवर होता. शेळीला ओला चारा मानवतो असं त्यात लिहिलं होतं आणि मी फॉल्स लिहिलं होतं, कारण पावसाळ्यात ओला चारा खाऊन आमच्या शेजारणीची शेळी पोट फुगून मेली होती. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तेरी बकरी मर गई, मुझे बहुत दुख है," त्या म्हणाल्या. "लेकिन पेपर तेरी बकरी को नहीं जानता. पेपर को नहीं जानना है तू क्या जानती है. उसने क्या बोला, वो बता. उसने झूठ बोला तो झूठ बता."

मग त्यांनी माझे सगळे जुने सराव मागवले, पुढच्या रविवारी तासभर चाळले आणि निकाल दिला. मी भाषेत कच्ची नव्हते. माझी चुकलेली जवळजवळ सगळी उत्तरं घरची होती. कांद्याच्या चाळीतली, चुलीवरच्या चहातली, आमच्या ओट्यावरची. उतारा काय म्हणतो ते मला चांगलं कळायचं आणि मग मी त्याच्याशी भांडायचे. "किसके साथ पढ़ती है तू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांबरोबर. त्यांनी माझे कागद नीट रचून परत दिले.

परतीच्या गाडीत मला हलकं वाटायला हवं होतं. रोग सापडला होता. पण मला त्या ओट्याचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, अब्बांचाही आला. दोन वर्षं हा माणूस मला हसत हसत नापास करत होता, असं मला वाटलं. घरी गेल्यावर मी चपला काढायच्या आधी म्हटलं, "अब्बा, उद्यापासून मी एकटीच वाचणार. उताऱ्यावर तुम्ही काही बोलायचं नाही. तुमच्यामुळं माझं चुकतं."

अब्बा घड्याळाला किल्ली देत होते. म्हणाले, "बरं. घड्याळ तरी लावू का?"

"घड्याळ मी लावीन."

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक उघडलं की ते उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायचे. मी आत गेले की परत यायचे. चार महिने असं चाललं. मी बोट ठेवायला शिकले. चंद्र चौकोनी आहे असं उताऱ्यात असेल तर चंद्र चौकोनी, पुढचा प्रश्न. सरावात गुण चढायला लागले, आणि घरात कुणी हसेनासं झालं. माझं चुकत होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण नोकरी गेली तर तिघांनी काय खायचं, हा विचार आला की मी पुन्हा पुस्तक उघडायचे आणि माफी राहून जायची.

तिसरी परीक्षा. पुण्यात कॅम्पातल्या एका शाळेत. सकाळी शिरूरहून निघताना अब्बा एसटी स्टँडपर्यंत आले, खिडकीतून केळी दिली आणि नुसते उभे राहिले. व्याकरण झालं. वाचनाचे पहिले दोन उतारे झाले, एक जुन्या पुलांवर, एक झोपेवर. बोट ठेवून, शांतपणे. आता जमतंय असं वाटत असतानाच मी तिसरा उतारा उघडला.

वर छोटं चित्र होतं. टोपी घातलेला एक गोरा म्हातारा, दोन्ही मुठींत बेचकी धरून शेतात चालतोय. कोपरं बरोबर अब्बांसारखीच, अंगाला चिकटलेली.

माझी पाचावर धारण बसली. क्षणभर मला वाटलं, कुणीतरी माझी चेष्टा केली आहे. मग मी वाचायला लागले. जगात सगळीकडे अशी माणसं आहेत, असं सुरुवातीला होतं. इथवर मला इतका आनंद झाला की शेजारच्या मुलीला दाखवावंसं वाटलं. पुढे लिहिलं होतं की बेचकी खरोखर हलते, पण तिला पाणी हलवत नाही. धरणाऱ्याचीच मनगटं, त्याला नकळत, तिला हलवतात. जमिनीखाली पुष्कळ ठिकाणी पाणी असतंच, म्हणून कधी लागतं, आणि लागलेलं तेवढं लोकांच्या लक्षात राहतं. मग ते वाक्य. ही बहुतेक प्रामाणिक माणसं असतात, पण मनाला येईल तिथे खणणाऱ्यापेक्षा त्यांना पाणी जास्त वेळा सापडत नाही.

खाली विधानं. पाण्याच्या ओढीमुळे बेचकी हलते. फॉल्स. ही माणसं मुद्दाम फसवतात. फॉल्स. तेवढं एक लिहिताना हाताला बळ आलं. आणि तिसरं, पाणी शोधणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त यश मिळत नाही. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन.

लहानपणी अब्बांनी एकदा बेचकीचं एक टोक माझ्या मुठीत दिलं होतं. ती खाली गेली तेव्हा माझा हात ओढला गेला होता. मी ओढला नव्हता. हे मला ठाऊक आहे, मी शपथेवर सांगू शकते. आणि त्याच वेळी, त्या हॉलमध्ये बसून, मला हेही ठाऊक होतं की उतारा बरोबर आहे. कोरडे निघालेले सगळे बोअर मला आठवले, बाजारातून येऊन न जेवलेले अब्बा आठवले. नॉट गिव्हन लिहावं असंही मनात आलं. पण माझं बोट त्या वाक्यावर आपोआप जाऊन थांबलं होतं. घड्याळ पुढे सरकत होतं. मी पुढचे प्रश्न सोडवले, परत आले, पुन्हा पुढे गेले, पुन्हा आले. पाच मिनिटं उरल्याची सूचना झाली. मी ट्रू लिहिलं. पेन खाली ठेवलं आणि पेपर पालथा घातला.

महिन्याने निकाल आला. पास व्हायला जेवढे गुण लागतात बरोबर तेवढे. वर एकही नाही. म्हणजे ते एक उत्तर मी दुसरं काही लिहिलं असतं, तर मी गेटवर पास जमा करून आले असते. साहेबांनी हात मिळवला, पेढे मागितले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि मनसोक्त रडले, आणि खोटं बोलत नाही, त्यातलं अर्ध्याहून जास्त सुखाचं रडणं होतं.

घरी अम्मीने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. अब्बा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. परवानगी काढल्यासारखं म्हणाले, "आता इचारलं तर चालंल का? काय आलं व्हतं पेपरात?"

पाच महिन्यांनी त्यांनी तो प्रश्न विचारला होता. पूल, झोप, यांतलं काहीही सांगता आलं असतं. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. मी म्हटलं, "पाणाड्यांवर उतारा होता, अब्बा. बेचकीचं चित्रसुद्धा होतं."

"आमच्यावर? इंग्रजीत?" ते खालीच बसले. "काय लिवलं व्हतं?"

"लिहिलं होतं की अशी माणसं जगात सगळीकडं असतात. आणि ती प्रामाणिक असतात."

अब्बांनी ते दोनदा म्हणून घेतलं, सगळीकडं असत्यात, प्रामाणिक असत्यात. मग त्यांचे डोळे भरले आणि ते मोठ्याने हसायला लागले. "म्हंजी घरचाच अभ्यास उपेगी आला की! म्हनून पास झालीस तू."

मी म्हटलं, "व्हय अब्बा."

त्यांनी ते सगळ्या शिरूरला सांगितलं. बाजारतळावर, मशिदीच्या पायऱ्यांवर, सायकलच्या दुकानात. परदेशातल्या परीक्षेत पाणाड्याचा धडा येतो, आणि पोरगी पाणाड्याची असल्यामुळे पास होऊन पर्मनंट होते. ज्याने काटकी चुलीत घालायला सांगितली होती त्यालाही मुद्दाम गाठून सांगितलं. माझी नोकरी लागल्याचं कौतुक त्या गोष्टीत शेपटाएवढं उरलं होतं.

पुढच्या रविवारी दौंडकडच्या राहू गावचा एक म्हातारा बागायतदार मोटारसायकलवर आला. गावात वजन असलेला माणूस, उसाचं मोठं रान. विहिरीने तळ गाठला होता, बोअर मारायचा होता. त्याचा मुलगा पुण्याहून पाणी शोधणारा मशीनवाला आणा म्हणत होता. म्हाताऱ्याचं मन अब्बांकडे ओढत होतं, पण धीर होत नव्हता. ओट्यावर टेकून म्हाताऱ्याने मला हाक मारली.

"पोरी, तू शिकलेली हायेस. कंपनीत पर्मनंट हायेस. तुझा बा सांगतोय ते खरं का? इंग्रजी पेपरात पाणाड्याचं लिवलेलं हाय?"

अब्बा आतून बेचकी घेऊन आले होते आणि दारातच थांबले होते. गेल्या दीड वर्षात त्यांना एवढ्या मोठ्या शेताचं बोलावणं आलं नव्हतं. अम्मीने चुलीपाशी हात थांबवला होता. मी म्हाताऱ्याकडे बघितलं, अब्बांकडे बघायची छाती झाली नाही.

"हाय मामा," मी म्हटलं. "मी सोता वाचलंय. ही माणसं प्रामाणिक असत्यात, असं लिवलंय."

"बास," म्हातारा उठला. "एवढंच पाहिजे व्हतं मला."

अब्बा मोटारसायकलवर त्यांच्या मागे बसले. अम्मीने प्यायला पाण्याची बाटली भरून दिली, कारण आता संध्याकाळपर्यंत ते तिथलं पाणी पिणार नव्हते. मी दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होते. मी सांगितलेलं सगळं खरं होतं, बोट ठेवून दाखवता आलं असतं. फक्त ते वाक्य तिथे संपत नव्हतं.